वाऱ्याला उभं राहणं

दवाखान्यातल्या यास्नानं चिठ्ठीच्या पाठी लिहिलं:
रोज तीस मिनिटं. पहिल्या आठवड्यात दहाच.
मग पेन कानामागे खोचत म्हणाली,
हे बघा रोसेंदा,
चालताना बोलता आलं पाहिजे,
गाता येऊ नये.
गाता आलं तर पाय जरा उचला,
बोलता येईना तर थांबा.

साखर मोजायला रक्त काढतात,
दम मोजायला शब्द.

एकतीस वर्षं मी शाळेच्या स्वयंपाकघरात उभी होते.
उभं राहणं म्हणजे चालणं नव्हे,
हे पायांना कळलं होतं, मला नाही.

दुकानात जाऊन बूट घेतले, खाचा असलेल्या तळव्यांचे.
केशरी जाकीट घेतलं, भाचीचं न ऐकता.
(ती म्हणाली, रस्ता दुरुस्त करणाऱ्या माणसासारखी दिसतेस.
दिसते तर दिसते. ट्रकवाल्याला दिसले म्हणजे झालं.)
हात खिशात घालायचे नाहीत,
पडलो तर टेकायला ते बाहेर हवेत.
आणि आधी वाऱ्याच्या तोंडाला जायचं,
म्हणजे थकून परतताना तो पाठीशी असतो.

पण बोलू कुणाशी?
पुंता अरेनासमध्ये नोव्हेंबरात
वारा माणसाला तोंड उघडू देत नाही.
सामुद्रधुनीवरून येतो
वारा प्यायलेल्या वासरासारखा, स्वतःलाच प्यायलेला,
कचऱ्याचे डबे लोळवतो, कुत्र्यांचे कान उलटे करतो.
मी त्याच्यातच पुटपुटत चालले, शाळेतली जेवणं:
सोमवारी मसूर,
मंगळवारी भोपळ्याचं सूप,
बुधवारी मासळी आणि बटाटे,
गुरुवारी
गुरुवारी धाप लागायची.
खांबाला टेकायचे, घड्याळ बघायचे. आठ मिनिटं.
तिसऱ्या आठवड्यात शुक्रवारच्या खिरीपर्यंत पोचले.

त्या दिवशी चौकाच्या कोपऱ्यावर
वाऱ्यानं धरलंच मला.
तिथं खांबांना दोर बांधलेले असतात, आमच्यासारख्यांसाठी.
दोन्ही हातांनी दोर धरला, गुडघे वाकवले,
आणि तळव्यात कळलं की दुसऱ्या टोकालाही कुणीतरी लटकलंय.
मी सावरले की तिकडे हिसका,
ती सावरली की इकडे.

ओतिलिया नाउएलकिन.
शेजारीण. भिंतीला भिंत.
अकरा वर्षं एकमेकींच्या वाऱ्याला उभ्या नव्हतो,
कारण एका रात्री वाऱ्यानंच तिच्या छपराचा पत्रा
माझ्या काचघरावर आणून टाकला.
माझे टोमॅटो गेले.
ती म्हणाली, वाऱ्याला विचार.
मी म्हणाले, पत्रा वाऱ्याचा नव्हता.
एवढंच भांडण. बाकीचं आम्ही शांतपणे वाढवलं.

आता सुटायची सोय नव्हती.
दोर सोडावा तर दोघी रस्त्यात.
ती ओरडली, डॉक्टर?
मी ओरडले, साखर. तुझं?
रक्तदाब!
मग बराच वेळ नुसता वारा.
मग ती: तुलाही तेच सांगितलंय का, बोलता आलं पाहिजे?
हो.
येतं का?
अजून कुणाशी बोलले नाही, मी म्हणाले.
आणि तेव्हाच लक्षात आलं की
बोलतेय, आणि धाप नाही.

झोत ओसरला. दिवा हिरवा झाला.
आम्ही घाईनं नाही, डावीकडे-उजवीकडे बघून ओलांडलं,
कुणी आधी पाऊल टाकलं ते आठवत नाही.

आता दुपारी चारला तिचं फाटक वाजतं.
रस्त्याच्या बाजूला ती असते, माझा तो कान मंद आहे.
फुटपाथ संपतो तिथं आम्ही एकीमागे एक होतो,
समोरून येणाऱ्या गाड्यांकडे तोंड करून,
आणि तेवढा वेळ ती माझ्या पाठीशी बोलते.
तिच्या सुनेबद्दल, यंदाच्या लोकरीबद्दल,
खिरीत तू दालचिनी आधी घालायचीस की नंतर.

साखर उतरलीय थोडी. यास्नानं आकड्याखाली रेघ मारली,
कुणाबरोबर चालता, विचारलं नाही.

पत्र्याचा विषय मात्र अजून निघालेला नाही.
तिसाव्या मिनिटाला निघेल असं दोघींनाही वाटतं,
म्हणून एकोणतिसाव्यालाच
आम्ही आपापल्या फाटकाशी असतो.